शितावरून भाताची परीक्षा नको: तांत्रिक मुलाखत पहिल्यांदाच घेणाऱ्यांसाठी

तुमच्या कॅलेंडरवर मुलाखत पडली आहे आणि या वेळी प्रश्न विचारणारे तुम्ही आहात. कोड लिहिण्याचा चार-पाच वर्षांचा अनुभव गाठीशी आहे, पण मुलाखत घ्यायची कशी हे कोणी शिकवलेलं नाही. बहुतेक ठिकाणी असंच चालतं. एखाद्या ज्येष्ठ सहकाऱ्याच्या शेजारी दोनदा बसवतात आणि तिसऱ्या वेळी एकट्याला पाठवून देतात. त्या ज्येष्ठाकडून नवा माणूस सगळ्यात पटकन काय उचलत असेल, तर हे वाक्य: "पाच मिनिटांत कळतं मला समोरचा कसा आहे ते."

मी बारा वर्षं तांत्रिक मुलाखती घेते आहे. पाच मिनिटांत मत बनतं, हे मला मान्य आहे. माझंही बनतं. पण मत बनणं आणि कळणं यांत फार अंतर आहे, आणि त्या अंतरात कुणाची तरी नोकरी अडकलेली असते. शिवाय पहिली छाप मनात गुपचूप बसून राहत नाही. पुढचे प्रश्न कोणते, मदत किती, कुठे थांबायचं, कुठे तोडायचं हे सगळं ती ठरवायला लागते. तासाभराने समोरचा माणूस खरोखरच त्या छापेसारखा दिसतो आणि आपण म्हणतो, "बघा, मला वाटलंच होतं." खालच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीला आवर घालण्यासाठी आहेत.

आधी थोडं: छाप पडते कशी

२००६ मध्ये जनीन विलिस आणि अलेक्झांडर टोडोरोव या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना अनोळखी चेहऱ्यांचे फोटो दाखवले, तेही अवघे १०० मिलिसेकंद. तेवढ्या वेळात लोकांनी हा माणूस सक्षम आहे का, विश्वासू आहे का याबद्दल मतं दिली. वेळेचं बंधन न ठेवता दिलेल्या मतांशी ती बरीच जुळली. जास्त वेळ मिळाल्यावर मतं फारशी बदलली नाहीत, फक्त स्वतःच्या मतावरचा भरवसा वाढला. म्हणजे एक तास बोलून आपली खात्री वाढली, तर ती उमेदवाराबद्दल जास्त कळल्यामुळेच वाढली असं धरून चालता येत नाही.

सॉलोमन ॲश यांनी १९४६ मध्ये एका माणसाचं वर्णन म्हणून लोकांना सहा शब्द वाचून दाखवले: बुद्धिमान, कष्टाळू, उतावळा, टीकाखोर, हट्टी, मत्सरी. दुसऱ्या गटाला तेच शब्द उलट क्रमाने. पहिल्या गटाला तो माणूस काही दोष असलेला पण कर्तबगार वाटला, दुसऱ्याला तो दोषांमुळे वाया गेलेला वाटला. शब्द तेच होते, फक्त आधी कोणता कानावर पडला एवढाच फरक. त्याच्याही आधी, १९२० मध्ये, एडवर्ड थॉर्नडाइक यांना सैन्यातल्या अधिकाऱ्यांनी हाताखालच्या लोकांना दिलेल्या गुणांत एक विचित्र गोष्ट दिसली होती. शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य या अगदी वेगळ्या गोष्टींचे गुण एकमेकांशी नको तितके जुळत होते. एका गुणाचं तेज बाकीच्यांवर पडत होतं. याला वलय परिणाम म्हणतात.

शितावरून भाताची परीक्षा ही म्हण भाताला लागू पडते, कारण एका भांड्यातली सगळी शितं एकाच आचेवर शिजतात. माणसाची कौशल्यं तशी एकत्र शिजत नाहीत. ओघवतं बोलणं, कोडातली एकने चुकलेली मर्यादा हेरणं, बंद पडलेली सिस्टीम मध्यरात्री शांत डोक्याने उभी करणं, यांतल्या प्रत्येकाची चूल वेगळी.

एक आक्षेप तुम्हाला नक्की ऐकायला मिळेल: पहिली छाप बरोबर असते हे सिद्ध झालेलं आहे की! नलिनी अंबाडी आणि रॉबर्ट रोझेन्थाल यांनी १९९३ मध्ये शिक्षकांच्या अर्ध्या मिनिटाच्या आणि त्याहूनही छोट्या मूक चित्रफिती अनोळखी लोकांना दाखवल्या, आणि त्यांची मतं त्या शिक्षकांच्या नंतरच्या मूल्यांकनाशी जुळली. प्रयोग खरा आहे. पण ते मूल्यांकन विद्यार्थ्यांनी किंवा मुख्याध्यापकांनी दिलेलं होतं. एका माणसावर पडलेली छाप दुसऱ्या माणसांवर पडलेल्या छापेशी जुळली, इतकंच त्यातून कळतं. कोड चालतो की नाही हे कोडाला बघून कळतं.

पायरी १: रेझ्युमे उघडण्याआधी काम लिहून काढा

कागदावर तीन-चार ओळी लिहा: या जागेवर येणाऱ्या माणसाला पहिल्या सहा महिन्यांत प्रत्यक्ष काय करावं लागणार आहे? उदाहरणार्थ, दुसऱ्याने लिहिलेला कोड समजून घेऊन त्यात बदल करणं. बिघाड झाला की लॉग (सिस्टीम आपोआप लिहून ठेवते त्या नोंदी) वाचून कारण शोधणं. आपण असा निर्णय का घेतला हे टीमला चार वाक्यांत पटवून देणं.

या यादीत "चुणचुणीत" किंवा "आत्मविश्वास" असे शब्द येत असतील, तर स्वतःला विचारा की तो गुण कामात कुठे आणि कसा दिसणार आहे. "ग्राहकाशी फोनवर बोलताना अडलेला प्रश्न नेमक्या शब्दांत मांडता येणं" हे काम झालं. "आत्मविश्वास" हे छापेचंच दुसरं नाव आहे.

पायरी २: सगळ्यांना एकच प्रश्न, आणि त्याची गुणपट्टी आधीच

प्रत्येक उमेदवाराला वेगळा प्रश्न, तोही "बघू, गप्पांच्या ओघात सुचेल तसा", ही सवय लावूनच घेऊ नका. जो आवडला त्याला सोपा आणि रंजक प्रश्न सुचतो, जो खटकला त्याला अडवणारा. आपल्या लक्षातही येत नाही.

मी बरीच वर्षं वापरलेला एक प्रश्न देते. वेब सर्व्हरच्या लॉगमधून एकामागून एक नोंदी येत आहेत. कोणत्याही क्षणी, मागच्या ५ मिनिटांत सर्वांत जास्त वेळा दिसलेले १० आयपी ॲड्रेस सांगायचे आहेत. साधं उत्तर असं: प्रत्येक ॲड्रेसची मोजणी हॅशमॅपमध्ये (नावावरून त्याचा आकडा लगेच शोधून देणारी रचना), आलेल्या नोंदी वेळेसकट रांगेत, आणि रांगेच्या पुढच्या टोकाची नोंद ५ मिनिटांपेक्षा जुनी झाली की ती काढून मोजणी एकने कमी. वरचे १० काढायला हीप (सर्वांत मोठा किंवा लहान आकडा पटकन हाती देणारी रचना). पुढे वाढवायला भरपूर वाव आहे: उशिरा पोचलेल्या नोंदींचं काय, मेमरी अपुरी पडली तर काय.

प्रश्न निवडला की आधी तो स्वतः घड्याळ लावून सोडवा, मग ज्याने तो पाहिलेला नाही अशा सहकाऱ्याला सोडवायला द्या. तुम्हाला पंधरा मिनिटं लागली आणि सहकाऱ्याला पस्तीस, तर उमेदवाराकडून वीस मिनिटांची अपेक्षा ठेवू नका.

आता गुणपट्टी. पहिल्या पायरीतल्या प्रत्येक कामासाठी एक, आणि प्रत्येक गुणापुढे डोळ्यांना दिसेल अशी गोष्ट. "प्रश्न नेमका करून घेणं" याची माझी पट्टी अशी आहे. १ गुण: काही न विचारता कोड सुरू केला. २ गुण: इनपुटचं स्वरूप विचारलं, पण वेळेच्या अटीबद्दल काही नाही. ३ गुण: नोंदी वेळेच्या क्रमानेच येतात का हे विचारलं, किंवा तसं गृहीत धरतोय हे स्वतःहून सांगितलं. ४ गुण: त्याच्याही पुढे जाऊन, हे उत्तर किती वेळा मागितलं जाणार आहे ते विचारलं आणि त्यानुसार रचना बदलली.

या पट्टीत "छान", "बरं", "ठीक" असले शब्द कुठेही नाहीत. "छान" हा शब्द ज्याचा त्याचा, पण "नोंदी क्रमाने येतात का हे विचारलं" हे दोन माणसांनी ऐकलं तर दोघांचं एकमत होतं.

हा एवढा खटाटोप कशासाठी, असं वाटेल. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये भरतीच्या पद्धतींवरचं जुनं संशोधन पुन्हा तपासलं. ठरावीक प्रश्न आणि ठरावीक पट्टी असलेल्या मुलाखतीतल्या गुणांचा पुढच्या कामगिरीशी सहसंबंध (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे तंतोतंत जुळणं) सरासरी ०.४२ निघाला. मोकळ्याढाकळ्या मुलाखतीचा ०.१९. ०.४२ हा आकडाही काही फार मोठा नाही, हे लक्षात असू द्या. उत्तम घेतलेली मुलाखतसुद्धा माणसाबद्दल थोडंच सांगते.

पायरी ३: रेझ्युमेला उंबऱ्यावर थांबवा

रेझ्युमे वाचायचाच, पण प्रश्न आणि पट्टी तयार झाल्यावर. वाचताना नाव, फोटो, कॉलेज यांवर न रेंगाळता थेट केलेल्या कामाच्या भागाकडे जा आणि तिथून विचारण्यासारख्या दोन गोष्टी टिपून घ्या. जमत असेल तर भरती विभागाला सांगून वरचा भाग झाकलेली प्रतच मागवा. मोठ्या कंपनीचं नाव वाचून माझ्या मनात उमेदवाराला दोन गुण आधीच मिळालेले असतात, हे मला स्वतःवरून ठाऊक आहे.

पायरी ४: पहिली पाच मिनिटं

पहिल्याच घासाला खडा लागला की पुढच्या जेवणावर मन बसत नाही. उमेदवार उशिरा आला, आवाज तुटतोय, पहिलं उत्तर अडखळत आलं, हे सगळे असे खडे. आणि उलटही तितकंच धोक्याचं: हसतमुख चेहरा, कोड लिहायला तुमच्याच आवडीचा एडिटर, तुमच्याच कॉलेजची ओळख. छाप थांबवता येत नाही, तिची नोंद मात्र करता येते.

सुरुवात सगळ्यांशी सारखीच करा, शक्यतो लिहून ठेवलेल्या वाक्यांनी. मी साधारण असं सांगते: "आपल्याकडे साठ मिनिटं आहेत. पाच मिनिटं ओळख, दहा मिनिटं तुमच्या आधीच्या कामाबद्दल, पस्तीस मिनिटं एक प्रश्न, शेवटी तुमचे प्रश्न. विचार करायला वेळ घ्या, गप्प बसलात तरी चालेल. अडलात तर मी हिंट देईन, ती सगळ्यांनाच देते. मी मधूनमधून टाईप करत असेन, त्या माझ्या नोंदी आहेत." हे ऐकून उमेदवाराचे खांदे जरा सैल पडतात, आणि ती मिनिटं तुमच्या मूडवर अवलंबून राहत नाहीत.

मग ओळख संपता संपता वहीच्या कोपऱ्यात एक ओळ लिहा: काय वाटलं, आणि कशामुळे. चौकट करा आणि पुढे चला. "कशामुळे" हे लिहिताना बहुतेक वेळा छापेचा पाया किती लहान आहे ते तिथेच दिसतं. माझ्या वहीतल्या काही चौकटी: "आवडला. विनोद कळतो." "खटकलं. नजर देत नाही." "हुशार वाटते. बोलण्याची पद्धत माझ्या जुन्या टीम लीडसारखी." "संथ. उच्चार कळायला वेळ लागतोय." यांतली एकही गोष्ट पायरी १ मधल्या यादीत नव्हती.

नजरेचं एक खास सांगायला हवं, कारण आता निम्म्याहून जास्त मुलाखती मी व्हिडिओवरच घेते. कॅमेरा असतो स्क्रीनच्या वर आणि तुमचा चेहरा असतो स्क्रीनच्या मधोमध. जो उमेदवार मनापासून तुमच्याकडे बघतोय, तो तुम्हाला खाली बघताना दिसतो. जो कॅमेऱ्यात बघायला शिकलाय, त्याला तुमचा चेहरा धड दिसतही नसतो, पण तुम्हाला तो नजरेला नजर देणारा वाटतो.

पायरी ५: हिंट मोजून द्या

या लेखातलं काहीच लक्षात राहिलं नाही तरी ही पायरी ठेवा. तांत्रिक मुलाखतीत छाप उमेदवारापर्यंत पोचते ती मुख्यतः हिंटमधून.

काही वर्षांपूर्वी एका तरुणाची मुलाखत घेतली. पहिल्या दोन मिनिटांत तो मला आवडला. बोलणं स्वच्छ, आधीच्या प्रकल्पाचं वर्णन मुद्देसूद. वरचाच लॉगचा प्रश्न दिला आणि चर्चा इतकी रंगली की वेळ कसा गेला कळलं नाही. मी भरघोस गुण दिले. नंतर अहवाल लिहिताना नोंदी वाचल्या तर एक गोष्ट दिसली. "रांग वापरावी", हे मी म्हटलं होतं. "जुनी नोंद काढताना मोजणी कमी करायला हवी ना?", हेही मीच, प्रश्नाच्या सुरात. "मग हीप", त्याने वाक्य अर्धं सोडलं आणि मी पूर्ण केलं. चार टप्प्यांपैकी तीन माझ्या तोंडून आले होते, आणि त्याने "हो, बरोबर, तेच म्हणत होतो" असं म्हटलं होतं. तो खोटं बोलत नव्हता. त्यालाही तसंच वाटलं असणार. पण मी गुण दिले होते माझ्याच उत्तराला.

त्याच आठवड्यातल्या दुसऱ्या मुलाखतीच्या नोंदी काढून बघितल्या. तिथे मी सात मिनिटं एक शब्दही बोलले नव्हते. चौकटीत लिहिलं होतं: "थंड."

हे कसं घडतं याचा एक जुना आणि अस्वस्थ करणारा प्रयोग आहे. १९७४ मध्ये कार्ल वर्ड, मार्क झाना आणि जोएल कूपर यांनी अमेरिकेत गोऱ्या मुलाखतकारांसमोर गोरे आणि कृष्णवर्णीय उमेदवार बसवले. उमेदवारांना सारखं वागायला शिकवलेलं होतं. कृष्णवर्णीय उमेदवारांसमोर मुलाखतकार लांब बसले, बोलताना जास्त अडखळले आणि मुलाखत लवकर संपवली. दुसऱ्या भागात त्यांनी मुलाखतकारांनाच प्रशिक्षण दिलं आणि उमेदवार सगळे गोरे घेतले. काहींशी मुलाखतकार जवळ बसून, वेळ देऊन बोलले, तर काहींशी पहिल्या भागातल्या त्या थंड पद्धतीने. थंड वागणूक मिळालेले उमेदवार खरोखरच कमी पडले, आणि हे ठरवलं कोणी, तर कोणाला कशी वागणूक मिळाली हे माहीत नसलेल्या परीक्षकांनी. म्हणजे मुलाखतकाराच्या मनातलं मत उमेदवाराच्या कामगिरीत उतरलं.

उपाय कंटाळवाणा आहे आणि तो चालतो. हिंटांची शिडी आधीच लिहून ठेवा. लॉगच्या प्रश्नाची माझी शिडी तीन पायऱ्यांची आहे. पहिली: "एखादी नोंद ५ मिनिटांहून जुनी झाली की काय व्हायला हवं?" दुसरी: "सगळ्यात जुनी नोंद पटकन कशी सापडेल?" तिसरी: "मोजणी हॅशमॅपमध्ये आणि नोंदी रांगेत ठेवून बघा." शब्द तेच, क्रम तोच. उमेदवार अडकला की घड्याळ बघते आणि चार मिनिटं काही हालचाल नसेल तरच पुढची हिंट देते, समोरचा आवडलेला असो वा नसो. शिडीबाहेर काही बोललेच तर तेही लिहून ठेवते.

आणि उमेदवाराचं वाक्य पूर्ण करू नका. अर्धं राहिलं तर "हं, पुढे?" एवढंच म्हणा.

पायरी ६: प्रत्येक नोंदीपुढे वेळ आणि वक्ता

नोंदी घेण्याची माझी पद्धत अगदी साधी आहे. डावीकडे मिनिट, मग "उ" किंवा "मी", मग जे बोललं गेलं ते. अशी:

१४, उ: नोंदी वेळेच्या क्रमाने येतील असं धरू का? नाही आल्या तर रांग चालणार नाही.
१९, उ: हॅशमॅप लिहिला. शून्य झालेली मोजणी काढली नाही.
२३, मी: शिडी १.
२४, उ: स्वतःच लक्षात आलं, मोजणी शून्य झाली की तो ॲड्रेस हॅशमॅपमधून काढून टाकायला हवा, नाहीतर मेमरी वाढत राहील.

यातलं मिनिट का लिहायचं, त्याची कथा आहे. एक उमेदवार सहा मिनिटं उशिरा जोडली गेली. आवाज तुटत होता, माफी मागताना ती गोंधळली, पहिल्या सोप्या प्रश्नावर चुकीचं बोलून गेली. माझं मत झालं: तयारी नाही. मी पुढे नेहमीपेक्षा छोटे छोटे प्रश्न झटपट विचारत गेले, आणि नापसंती कळवली. पुढच्या फेरीत माझ्या सहकाऱ्याने तिलाच वरचे गुण दिले. पॅनेलच्या बैठकीत आम्ही दोघांच्या नोंदी शेजारी ठेवल्या. माझ्या अकरा ओळी होत्या, त्यांतल्या नऊ पहिल्या दहा मिनिटांबद्दलच्या. त्याच्या दोन पानांवर सुरुवातीबद्दल काहीच नव्हतं, पण तिने त्याच्या प्रश्नातच एक विसंगती दाखवून दिल्याचं होतं. तिला नोकरी मिळाली, ती त्या सहकाऱ्यामुळे. मी एकटीच असते तर मिळाली नसती, आणि आपण चुकलो हे मला कधीही कळलं नसतं.

तेव्हापासून मी मिनिट लिहिते. मुलाखत संपल्यावर नोंदी कुठे दाटल्या आहेत ते एका नजरेत दिसतं. पहिल्या दहा मिनिटांतच दाटल्या असतील, तर पुढची पन्नास मिनिटं मी ऐकलेलीच नाहीत.

पायरी ७: गप्प बसणं सहन करा

नव्या मुलाखतकाराला वीस सेकंदांची शांतता वीस मिनिटांसारखी वाटते. मग तो काहीतरी बोलतो आणि उमेदवाराचा धागा तुटतो.

२०२० मध्ये महनाज बेहरूझी आणि सहकाऱ्यांनी संगणकशास्त्राच्या ४८ विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग प्रत्येक मुलाखतकाराने माहीत करून घ्यावा. काहींनी मुलाखतकारासमोर फळ्यावर, बोलत बोलत प्रश्न सोडवला. काहींनी तसलाच प्रश्न खोलीत एकट्याने, फळ्यावरच. कोणीतरी बघत असताना कामगिरी निम्म्याहूनही खाली आली. गट लहान होता, त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा सगळीकडे लावू नये. पण रोजच्या कामात कोणी तुमच्या खांद्यावरून बघत, दर दोन मिनिटांनी "काय विचार करताय?" असं विचारत कोड लिहून घेत नाही. आपण अनेकदा मोजतो ती परक्यासमोर न घाबरण्याची ताकद, आणि अहवालात लिहितो "समस्या सोडवण्याची क्षमता कमी."

म्हणून प्रश्न सांगून झाला की मी म्हणते, "पाच मिनिटं मी माईक बंद करते. वाचा, खरडा, मग सांगा." शक्य असेल तिथे स्वतःच्या एडिटरमध्ये काम करू द्या. अस्खलित बोलता येणं आणि विचार करता येणं यांची गल्लत दुसऱ्या भाषेत मुलाखत देणाऱ्याला सर्वांत महागात पडते. त्याला उत्तर सुचलेलं असतं, शब्द सापडत नसतात. अशा वेळी "चित्र काढून दाखवलंत तरी चालेल" एवढं म्हणून बघा.

पायरी ८: गुण एकट्याने, लगेच, आणि पॅनेलशी बोलण्याआधी

मुलाखत संपली की लगेच पंधरा मिनिटं मोकळी ठेवा. पट्टीतल्या एकेका कामाचे गुण द्या, आणि प्रत्येक गुणापुढे नोंदीतली निदान एक ओळ उतरवा. ओळ सापडत नसेल तर गुण देऊ नका, "पुरावा नाही" लिहा. तसं लिहायला कमीपणा वाटू देऊ नका. पुढच्या फेरीतला माणूस नेमकं तेच तपासू शकतो.

एकूण मत सगळ्यात शेवटी. मानसशास्त्रज्ञ डॅनिअल काहनेमन यांनी १९५५ मध्ये, विशीत असताना, इस्रायलच्या सैन्यासाठी मुलाखतीची पद्धत आखली, तीही अशीच. सहा गुणवैशिष्ट्यं, एक पूर्ण संपवून त्याचे गुण दिल्यावरच पुढचं. मुलाखतकार चिडले, आम्हाला यंत्र बनवताय म्हणाले. तेव्हा काहनेमन यांनी सवलत दिली: सगळं पूर्ण झालं की डोळे मिटा, हा सैनिक म्हणून कसा वाटतो ते मनात आणा आणि एक आकडा लिहा. पुढे ताळा घेतल्यावर नवी पद्धत जुन्यापेक्षा बरीच सरस ठरली, आणि डोळे मिटून दिलेला तो आकडाही सहा गुणांच्या बेरजेइतकाच उपयोगी निघाला. आतल्या आवाजाला जागा आहे, पण ती सगळे पुरावे गोळा झाल्यानंतरची.

पॅनेलच्या बैठकीआधी सगळ्यांचे गुण लेखी जमा झालेले हवेत. "कसा वाटला रे?" असं कॉफीच्या वेळी विचारू नका आणि कोणी विचारलं तर "लिहिलंय, बैठकीत बोलू" म्हणा. सगळ्यात ज्येष्ठ माणसाने सगळ्यात शेवटी बोलावं. बैठकीत एखादं मत हवेत आलं की शांतपणे एकच प्रश्न विचारा: "कुठल्या मिनिटाला?" "संवाद कमकुवत वाटला." कुठल्या मिनिटाला, काय बोलणं कळलं नाही? "आपल्या टीममध्ये बसणार नाही." कशावरून? याला ठोस उत्तर येतं किंवा मत आपोआप मागे घेतलं जातं. नवखे असलात तरी हा प्रश्न तुम्ही विचारू शकता, त्यात कुणाचा अपमान नाही.

तरीही कोणी म्हणेलच, "गप्पा मारल्याशिवाय माणूस कळत नाही." जेसन डॅना, रॉबिन डॉज आणि नथॅनिअल पीटरसन यांच्या २०१३ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी दुसऱ्या विद्यार्थ्यांची मोकळी मुलाखत घेऊन त्यांचे पुढच्या सत्राचे गुण सांगायचे होते. काही उत्तरं देणाऱ्यांना गुपचूप सांगितलं होतं की खरं उत्तर न देता ठरलेल्या यादृच्छिक नियमाने हो किंवा नाही म्हणा. मुलाखत घेणाऱ्यांना अशाही माणसाची चांगली ओळख झाल्यासारखं वाटलं. फक्त आधीचे गुण बघून केलेले अंदाज मुलाखतीनंतरच्या अंदाजांपेक्षा जास्त अचूक ठरले. "मला माणूस कळला" ही भावना किती स्वस्तात तयार होते, ते यातून दिसतं.

नंतर: चौकटी जपून ठेवा

वहीतल्या त्या कोपऱ्यातल्या ओळी फाडू नका. जे रुजू झाले त्यांचं सहा महिन्यांनी काम कसं चाललंय ते त्यांच्या टीमला विचारा आणि तुमच्या चौकटीशेजारी लिहा. शेजारीच तुम्ही पट्टीवर दिलेले गुणही. असे वीस-पंचवीस लोक झाले की आपली छाप नेमकी कुठे घसरते ते कळायला लागतं. माझी घसरते ती संथ बोलणाऱ्यांवर. दर मुलाखतीआधी मी ते वहीच्या वरच्या कडेला लिहिते: "संथ म्हणजे कच्चा नव्हे, शिडी बघ."

या ताळ्यात एक मोठी फट आहे. ज्यांना आपण नाकारलं ते सहा महिन्यांनी दिसत नाहीत, त्यामुळे त्यांच्याबाबतची चूक आपल्यापर्यंत येतच नाही. म्हणून नापसंती कळवण्याआधी मी एक जास्तीचं काम करते. माझी चौकट झाकते, फक्त "उ" असलेल्या ओळी सहकाऱ्याला देते आणि गुण द्यायला सांगते. त्याचे आणि माझे गुण दोनने किंवा जास्त फरकाचे आले, तर त्या उमेदवाराला दुसऱ्या मुलाखतकाराबरोबर आणखी एक फेरी मिळते. तो मुलाखतकार माझ्या नोंदी वाचत नाही.